जड झालेली होडी : दिवाळे कोळीवाड्यातील एका दुरुस्तीचे प्रकरण

नवी मुंबईत बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात माझ्या मामांची एकवीस फुटी फायबरची होडी आहे. सोळा वर्षांपूर्वी घेतलेल्या या होडीला मागच्या फळीवर बसणारे २५ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. पनवेल खाडीत आणि खाडीच्या मुखापुढे घारापुरीच्या बाजूला जाळे टाकून बोईट, कोळंबी आणि नशिबाने साथ दिलीच तर जिताडा आणणे एवढेच या होडीचे काम. २०२५च्या मार्चमध्ये मामांची तक्रार अशी होती की, पूर्वी भरल्या जाळ्यांनिशीही पाण्यावर उचलली जाणारी होडी आता रिकामी असतानाही शेपूट टाकून चालते, पुढे नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, आकाशाकडे आणि मागे नुसता फेस. त्यांचे निदान ठरलेले होते. "मशीन दमली आता, चाळीसची घ्यावी लागंल," असे ते म्हणाले आणि त्यांनी भाव काढायलाही सुरुवात केली होती.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला असून नवी मुंबईतल्याच टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात पंपांची देखभाल करतो. होडीचे काम मला मामांमुळेच थोडेफार येते. नवे इंजिन घेण्यापूर्वी जुने खरोखर दमले आहे का, हे पाहायला मी एक रविवार मागून घेतला. पुढे त्या एका रविवारचे साडेतीन महिने झाले.

इंजिनाची तपासणी

एप्रिलच्या अखेरीस दोन माणसे आणि चाळीस किलो जाळी घेऊन आम्ही होडी पूर्ण थ्रॉटलवर चालवली. ओढीचा परिणाम वजा व्हावा म्हणून एकदा पाण्याबरोबर आणि एकदा पाण्याविरुद्ध गेलो, आणि मोबाइलवरील जीपीएसने मोजलेल्या दोन्ही वेगांची सरासरी काढली. ती ताशी १३ किलोमीटर आली. प्लगच्या वायरीला चिमटा लावून मोजलेले फेरे मिनिटाला ४१०० होते, आणि या प्रकारच्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलवर ४५०० ते ५५०० फेरे घ्यायला हवेत. एवढ्यावरून मामांचेच म्हणणे खरे वाटले असते. परंतु दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबली जातानाचा दाब, मोजले तेव्हा ते ११५ आणि ११२ पीएसआय भरले. दमलेल्या इंजिनाचे आकडे इतके चांगले आणि एकमेकांच्या इतके जवळ नसतात.

मग पंख्याचा हिशेब केला. गिअरचे दात १३ आणि २७ असल्याने इंजिनाच्या ४१०० फेऱ्यांना पंखा सुमारे १९७० फेरे घेतो. पंख्याचा पीच ९ इंच आहे, म्हणजे पाणी घट्ट असते तर एका फेऱ्यात होडी ९ इंच पुढे सरकली असती आणि वेग ताशी २७ किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात तो निम्म्याहून कमी होता. पाणी घट्ट नसल्याने थोडी घसर प्रत्येक पंख्याला असतेच, पण ती निम्म्यावर जाते तेव्हा पंख्याला पेलत नाही इतके काहीतरी तो ढकलत असतो. दुसरी खूण वेगातच होती. पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो आणि या होडीच्या ५.८ मीटर लांबीला तो ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. त्यापुढे जायचे तर होडीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून पाण्यावर उचलले जावे लागते. १३ किलोमीटर हा नेमका त्या चढावर अडकलेल्या होडीचा वेग आहे. तिथे अश्वशक्ती कमी पडली तरी हेच दिसते आणि वजन जास्त झाले तरी हेच दिसते. अश्वशक्ती आम्ही मोजून झालो होतो.

वजनकाट्याशिवाय वजन

होडी टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेण्याचा विचार झाला, पण नवी असताना ती किती भरली होती हे कोणालाच ठाऊक नव्हते. तुलनेला काहीतरी हवे होते, आणि ते शेजारीच बांधलेले होते. मामांच्या चुलतभावाची होडी त्याच वर्षी त्याच साच्यातून निघालेली आहे. साचा एक, म्हणजे काठाची उंची एक. तेव्हा दोन्ही होड्या रिकाम्या करून शेजारी तरंगवल्या आणि काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले, तर जास्त बुडालेली होडी किती जड आहे ते थेट काढता येते.

यासाठी पाणी थबकलेले हवे. मामांनी बोटांवर हिशेब करून वैशाख शुद्ध अष्टमी धरली. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ मिळते हा आपल्याकडचा जुना आडाखा, म्हणून आठाचे सहा. ५ मेला सकाळी सहाला पाणी खरोखरच भरून थांबलेले होते, आणि भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती असल्याने ओढही नव्हती. दोन्ही होड्यांची इंजिने, टाक्या, जाळी, अगदी उपसण्याचे डबेही उतरवले. पट्टी धरून मोजले तेव्हा मामांची होडी नाळेकडे २ सेंटिमीटर आणि मागे ७ सेंटिमीटर जास्त बुडालेली निघाली, म्हणजे सरासरी साडेचार.

पाण्याच्या रेषेवर होडी ५.८ मीटर लांब आणि १.३५ मीटर रुंद आहे. नाळेकडे ती निमुळती होत असल्याने या आयताचा पाऊण हिस्सा धरला, तर क्षेत्र ५.९ चौरस मीटर येते. त्यावर साडेचार सेंटिमीटर पाण्याचा थर म्हणजे सुमारे २६५ लिटर, आणि खारे पाणी लिटरला किलोहून किंचित जड असल्याने २७० किलो. मामा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले की, चार माणसे रोज फुकट फिरवत होतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत उपयोगी उपकरण ही पोलादी पट्टी ठरली.

वजन कुठे आहे हे शोधायला वेळ लागला नाही. होडीच्या आतल्या फायबरच्या पाट्याखाली, म्हणजे पाय ठेवायच्या तळाखाली, बुडताना तरंगत राहावी म्हणून, पिवळा फोम ओतलेला असतो. नवा असताना हा फोम पाणी घेत नाही असे सांगतात, आणि नवा असताना ते खरेही असते. परंतु वर्षानुवर्षे लाटांचे दणके खाऊन त्याच्या पेशी फुटतात, पाट्याला मारलेल्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी झिरपत राहते, आणि खाली गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. पाट्याला ६ मिलिमीटरचे भोक पाडले तेव्हा ड्रिलच्या टोकाला ओला भुसा लागला आणि मागोमाग चहाच्या रंगाचे पाणी वर आले. मागच्या फळीवर हातोडीने ठोकत गेल्यावर कडेला टणक आणि मधोमध बद्द असा आवाज आला. इंजिनाचा पाय हातांनी वर-खाली हलवला तर फळीचा वरचा काठ ८ मिलिमीटर मागेपुढे होत होता. फळीच्या आत प्लायवूड असते आणि ते कुजले होते. या फळीवर चाळीसचे इंजिन बसवले असते तर ते बहुधा एखाद्या उधाणात फळीसकट खाडीत गेले असते.

तेरा मेची ओढ

होडी वर घ्यायची तर उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला घ्यावी आणि पुढच्या उधाणालाच पाण्यात सोडावी, कारण मधल्या भांगाच्या भरतीचे पाणी त्या उंचीपर्यंत पोहोचत नाही. १२ मेला बुद्धपौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊणच्या भरतीला, ओंडके घालून आणि दहा माणसांच्या हातांनी, होडी तिवरांच्या वरच्या अंगाला कोरड्या जमिनीवर ओढली. पुढची अमावास्या २७ मेला होती. म्हणजे हातात चौदा दिवस होते आणि फायबरचे सगळे काम पावसाआधी उरकायचे होते. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास धरतो, तेव्हा दोन आठवड्यांची सवडही गाठीशी आहे असे आम्ही समजत होतो.

पाटा कापला तेव्हा फोम कुदळीने काढावा लागला. तो ओल्या पावासारखा सुटत होता आणि पोत्यात भरताना हाताला पिळता येत होता. मासळीच्या काट्यावर पोती मोजली, ती २७८ किलो भरली. पाट्याचे कापलेले तुकडे आणि फळीतले कुजके लाकूड मिळून ६२ किलो निघाले. पाट्याखालून वाहून गेलेले पाणी मोजले नाही, पण ते दोन-तीन बादल्या नक्की होते. एकूण ३८० किलोच्या आसपास ऐवज बाहेर पडला. पट्टीने सांगितलेल्या २७०पेक्षा हा आकडा बराच मोठा होता, पण पाटा, फळी आणि तरंगण्याची सोय पुन्हा करताना काही वजन परत जाणारच होते, म्हणून त्या वेळी मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ती चूक होती. तिच्याकडे पुढे येतो.

फळीचे काम आतून केले. बाहेरची फायबरची कातडी शाबूत ठेवून आतली कापून काढली आणि कुजके प्लायवूड छिन्नीने खरवडले. कूज कुठून सुरू झाली ते तेव्हा उघड दिसले. इंजिनाच्या बोल्टांची चार भोके आणि तळाच्या बुचाचे भोक या पाचांच्या भोवती लाकूड काळे पडून तंबाखूसारखे झाले होते आणि तिथून कूज वर चढली होती. भोके पाडणाऱ्याने आतल्या उघड्या लाकडाला काहीच लावलेले नव्हते. म्हणून नव्या फळीत प्रत्येक भोक आधी दुप्पट मोठे पाडले, ते इपॉक्सीच्या लगद्याने भरले, आणि तो वाळल्यावर त्याच्या मधून योग्य मापाचे भोक पाडले. अशा भोकातून पाणी गेलेच तरी ते लाकडाला शिवत नाही. बोल्ट बसवतानाही सीलंट लावले.

फळीसाठी आयएस ७१० मानकाच्या मरीन प्लायवूडचे १८ मिलिमीटरचे दोन थर घेतले. येथे रेझिन कोणते, हा प्रश्न पैशांचा आणि रसायनाचाही होता. होडी पॉलिएस्टर रेझिनची आहे आणि तेच बाजारात स्वस्त मिळते, पण लाकडाला ते जेमतेम धरते. इपॉक्सी महाग असले तरी लाकडालाही घट्ट धरते आणि घासून खरखरीत केलेल्या जुन्या पॉलिएस्टरलाही. उलट क्रम मात्र चालत नाही, म्हणजे इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही. त्यामुळे फळीचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत इपॉक्सीतच करायचे ठरले. आणखी एक बारकावा असा की, दुकानात सहज मिळणाऱ्या चॉप मॅटमधले (काचेच्या तुकडे तंतूंच्या चटईतले) तंतू ज्या चिकटद्रव्याने एकत्र धरलेले असतात, ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळते. इपॉक्सीत स्टायरिन नसल्याने मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात वळत नाही. म्हणून फळीला विणलेले कापड वापरले आणि मॅट पाट्याच्या पॉलिएस्टरच्या कामासाठी ठेवली. सांध्यावर जुने फायबर एकदम न कापता लांब उतार देऊन घासले, साधारण एक मिलिमीटर जाडीला बारा मिलिमीटर उतार, कारण फायबरचा जोड उभ्या कडेवर टिकत नाही. त्याला पसरायला जागा लागते. घासताना उडणारी काचेची धूळ खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर गोळा केली. तरीही पुढचे दोन दिवस घरातल्या सगळ्यांच्या मानेला खाज होती.

पाट्याच्या कामात माझ्या हातून एक गाढवपणा झाला. पस्तीस अंशांच्या दुपारी घाईघाईने दोन किलो रेझिन एका खोल बादलीत घेतले आणि त्यात दोन टक्के हार्डनर घातला. मॅटचा तुकडा कापून वळेपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटांत, बादलीतून धूर निघू लागला, रेझिनची ढेप झाली आणि बादलीचे बूड वितळून वाळूला चिकटले. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडते. ते खोल भांड्यात साठलेले असले की उष्णता बाहेर पडत नाही, तापमान चढते, आणि चढलेले तापमान क्रियेला आणखी वेग देते. पातळ पसरलेल्या थराला हा धोका नसतो. तेव्हापासून सकाळी सात ते अकरा याच वेळात, उथळ ताटलीत, एका वेळी अर्धा किलो रेझिनला ५ ग्रॅम हार्डनर असे काम केले. मामांनी ती बादली अजून ठेवली आहे आणि पाहुण्यांना दाखवतात.

जुना फोम काढल्यावर त्या जागी काय भरायचे, यावर तीन संध्याकाळी वाद झाला. पुन्हा तोच फोम ओतणे सर्वांत सोपे होते. पण हा रोग फोमचा नसून त्याच्याखाली अडकणाऱ्या पाण्याचा आहे, असे माझे मत होते, आणि पाण्याला वाट न देता ओतलेला नवा फोमही काही वर्षांनी याच वाटेने गेला असता. थर्माकोल घालावा असे एकाने सुचवले, परंतु पेट्रोल सांडले की थर्माकोल विरघळतो. शेवटी झाकणे सीलबंद केलेले २० लिटरचे अठरा प्लॅस्टिक कॅन बसवले. त्यांचे ३६० लिटर तरंगण्याला पुरतात का, हे असे पाहिले: सुमारे ४०० किलोची फायबरची होडी पाण्याखाली जाते तेव्हा तिचे वजन एक तृतीयांशच, म्हणजे १३५ किलोच्या आत भरते, कारण फायबर पाण्याच्या दीडपटच जड आहे. इंजिन धरून हा आकडा पावणेदोनशेपर्यंत जातो. म्हणजे होडी पाण्याने भरली तरी पकडून राहणाऱ्या दोघांसाठी भरपूर शिल्लक उरते. कॅन तळाशी न ठेवता दोन्ही बाजूंना, जमेल तितके वर आणि मागे इंजिनाजवळ जास्त, असे बांधले. तळाशी ठेवले असते तर पाणी भरलेली होडी उलटून तरंगली असती. मधून पाणी वाहून बुचापर्यंत येईल अशी मोकळी वाट ठेवली आणि पाट्यात हात घालता येईल अशी तीन झाकणे बसवली.

पाऊस

२० मेनंतर वळवाच्या सरी सुरू झाल्या आणि २६ मेला हवामान खात्याने मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर केले. ही आजवरच्या नोंदींतील सर्वांत लवकरची तारीख ठरली. आमच्या चौदा दिवसांतला तेरावा तो होता. फळी पूर्ण झाली होती, पाट्याचा शेवटचा थर आणि वरचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत बाहेरचा थर, राहिला होता. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचे काम करावे लागते, आणि ते आम्ही दोनदा केले. अमावास्येचे उधाण सोडून दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळालेल्या उघडिपीत, ताडपत्रीखाली दिवा लावून लाकूड आणि फायबर कोरडे करत राहिलेले काम संपवले, नोंदणी क्रमांक पुन्हा रंगवला आणि वटपौर्णिमेच्या उधाणाला होडी पाण्यात सोडली. तोवर १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी लागली होतीच, त्यामुळे घाई उरली नव्हती.

या फुरसतीत इंजिन उघडले. ते दमलेले नव्हते, पण दुर्लक्षित होते. गिअरचे तेल किंचित दुधाळ निघाले, म्हणजे आत पाणी जात होते. पंखा उतरवला तर दांड्यावर तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला होता आणि त्याने सील कापला होता. सील बदलला, थंड करणारे पाणी फिरवणाऱ्या पंपाचा इम्पेलर (फिरते चक्र) बदलला, इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा झिंकचा तुकडा नवा लावला. टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवले, तेव्हा सकाळी बाटलीत खाली बोटभर पाणचट थर आणि वर तेल मिसळलेले पेट्रोल असे दोन थर दिसले. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते हवेतली ओल खेचते आणि पाणी पुरेसे झाले की पेट्रोल सोडून त्याच्याबरोबर खाली बसते. टू-स्ट्रोक इंजिनाला हे दुहेरी वाईट, कारण वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि टाकीची नळी मात्र तळातून ओढते. महिनाभर उभ्या राहणाऱ्या होडीची टाकी रिकामी ठेवावी आणि तेल मिसळलेले पेट्रोल आठवड्यापुरतेच करावे, असा नियम मामांनी त्या बाटलीकडे पाहूनच केला.

पुन्हा पट्टी

नारळी पौर्णिमेनंतर तीच दोन माणसे आणि तीच चाळीस किलो जाळी घेऊन चाचणी केली. फेरे ५०००, सरासरी वेग ताशी २२.५ किलोमीटर. पंख्याची घसर निम्म्यावरून एक तृतीयांशावर आली आणि मामांच्या वहीप्रमाणे एका फेरीचे पेट्रोल बारा-तेरा लिटरवरून साडेआठवर उतरले. इंजिन तेच, पंखा तोच.

पुढच्या भांगाला दोन्ही होड्या पुन्हा रिकाम्या करून शेजारी उभ्या केल्या. होडीत परत घातलेले प्लायवूड, रेझिन, काच आणि कॅन मिळून सुमारे ७४ किलो होते. नवी फळी जुनीपेक्षा जाड असल्याने मामांची होडी जुळ्या होडीइतकी किंवा किंचित जास्तच बुडावी, अशी माझी अपेक्षा होती. ती सरासरी एक सेंटिमीटर वर तरंगत होती, म्हणजे साठएक किलो हलकी होती. पट्टीतली चूक अर्धा सेंटिमीटर धरली तरी फरक उरतोच, आणि तेव्हा मला बाहेर काढलेल्या ऐवजाचा तो ३८०चा आकडा आठवला. त्यातून ७४ वजा केले तरी ३०६ राहतात, २७० नव्हे. ज्या होडीला आम्ही निरोगी समजून माप म्हणून वापरले होते, तीच पन्नास-साठ किलो पाणी पोटात घेऊन उभी होती.

चुलतमामांनी आधी हे मानले नाही. त्यांची होडी अजून उचलली जाते, त्यांना वेगात काही कमी वाटत नाही, हे खरेच होते. मग त्यांनीच माझ्या हातातून ड्रिल घेतले आणि मागच्या बाकाखाली पाट्याला एक भोक पाडले. पहिली काही सेकंदे काहीच आले नाही. नंतर भोकाच्या काठावर तपकिरी थेंब जमला, फुगला आणि बुचाच्या दिशेने वाहू लागला.